पहिल्या गाईचा मान

आमच्या बांबरवाडीत माणसाला जेवायला कमी पडलं तरी चालतं, मान कमी पडून चालत नाही. पालखीला पहिला खांदा कुणाचा, होळीवर पहिला घाव कुणाचा, जत्रेत देवापुढे पहिला नारळ कुणाचा, ह्यावरून आमच्या गावात माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी बोलत नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूने मला विहीर दाखवायच्या आधी हे समजावून दिलं होतं. आम्ही मानकऱ्यांतले नव्हतो. माझा नवरा विश्राम गावच्या शाळेत मास्तर. रस्त्यावर सगळे त्याला मास्तर म्हणून हाक मारायचे, पण देवळातल्या बैठकीत त्याची जागा खांबाच्या मागे. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. मला माझा गोठा पुरे होता.

गोठ्यात दोन गाई. काळी ही सासरची. तांबू माझ्या माहेराहून, दोडामार्गाकडून, माझ्या भावाने चालवत आणलेली. दोघी माझ्या कमरेएवढ्या. आमच्याकडची गुरं सगळी तशीच, अंगाने बुटकी आणि पायाने घट्ट. गावाच्या मागे उघड्या कातळाचा माळ आहे, त्याला आम्ही सडा म्हणतो. त्या सड्यावर उन्हाळ्यात काडी मिळत नाही, पावसाळ्यात उभं राहवत नाही. ही गुरं तिथे सकाळी जातात आणि संध्याकाळी पोट भरून, स्वतःच्या पायांनी घरी येतात. नांगराला जुंपली तर एवढ्याशा कुणग्यात, म्हणजे आमच्या भाताच्या खाचरात, जागच्या जागी वळतात. गाई व्यायला बसल्या तर कुणाला बोलवावं लागत नाही. सकाळी उठून बघावं तर वासरू उभं राहून पीत असतं. दूध थोडं, पण जे आहे ते फुकट. ही गुरं कधीपासून गावात आहेत हे कुणाला ठाऊक नाही. देवळाच्या पायरीवर बैल कोरलेला आहे, तोही बुटकाच आहे. कोरणाऱ्याला दगड कमी पडला असं कुणी म्हणणार असेल तर म्हणो.

पंचावन्न साली गावात सरकारी वळू आला. काठेवाडकडचा. हत्तीच्या पिल्लाएवढा, कान खाली लोंबलेले, कपाळ पुढे आलेलं. गावाने त्याची वाजतगाजत मिरवणूक काढली. त्याला पेंड, त्याला चुणी, त्याला पावसात कोरडी जागा. सड्यावर नेला तर दुसऱ्या दिवशी पाय सुजले. तरी जो तो आपली गाय घेऊन त्याच्याकडे धावला, कारण त्याच्या वासराला घागरभर दूध येणार होतं. विश्राममास्तरांनीही काळीला तिकडे नेलं. मी नको म्हणत होते. ते म्हणाले, ‘‘सगळो गाव न्हेता. आपण नाय न्हेली तर लोक काय म्हणतले?’’

काळीच्या पोटात वासरू वाढलं आणि बाहेर येईना. कसं येणार? ती एवढीशी, आणि आत बाप जन्माला यायला बसलेला. रात्रभर मी तिच्याजवळ बसून होते. दोघं गेली, आई आणि वासरू. त्या वर्षी गावात आणखीही गाई तशाच गेल्या आणि सगळे म्हणाले, नशीब. मला नशीब म्हणणाऱ्यांचा तेव्हा जो राग आला तो अजून गेलेला नाही.

काळीच्या मागे तिचा आधीचा पाडा, म्हणजे गोऱ्हा, राहिला, पवळ्या. अंग पोवळ्यासारखं लाल, डोळ्यांना काजळ घातल्यासारखी कड, आणि वशिंड आत्ता कुठे वर येऊ लागलेलं. तो माझ्या हाकेला सड्यावरून पळत यायचा, दुसऱ्या कुणाच्या नाही. मी मनाशी ठरवून टाकलं. हा मोठा झाला की तांबूला हाच. मला तांबूच्या पोटची एक पाडी हवी होती, तिच्यासारखीच बुटकी, सड्यावर जाणारी, एकटीने व्यायणारी. ह्यापेक्षा जास्त मी देवाकडे काही मागितलं नाही.

दुसऱ्या वर्षी गुरांचे डॉक्टर आले. तळेऱ्याला गाडीतून उतरून चालत आलेले, घाटावरचे, तरणे, टोपी घातलेले. त्यांच्या पिशवीत एक लोखंडी चिमटा होता. सरकारी वळू आहे तर गावठी पाडे मोकळे फिरू द्यायचे नाहीत, सगळे खच्ची करायचे, असं त्यांचं काम. घरोघर जाऊन ते करत सुटले. गाव हात बांधून बघत उभा. आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आले तेव्हा मी पवळ्याच्या दाव्याला धरून उभी राहिले.

‘‘बाई, ह्या जनावराचा काही उपयोग नाही,’’ ते म्हणाले. ‘‘ही काही जात नव्हे. गावठी आहे. ह्याची आई दूध किती द्यायची?’’

साहेब लोकांशी आम्ही पुस्तकी बोलतो. मी म्हटलं, ‘‘आमच्यापुरतं द्यायची.’’

‘‘म्हणजे किती?’’

‘‘म्हणजे आमच्यापुरतं. तुमच्या वळूच्या वासराने तिला मारली. ते किती दूध देणार होतं ते आम्हाला कळलं नाही.’’

विश्राममास्तर मागे उभे राहून मला खुणा करत होते, गप्प बस म्हणून. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. तो जरा ओशाळला. उन्हात उभा होता, मी ताक दिलं, ते प्यायला. मग म्हणाला, ‘‘हे बघा, मला सांगितलंय ते मी करतो. एवढंच की देवाला सोडलेला वळू असेल तर आम्ही त्या भानगडीत पडत नाही.’’

मी दावं सोडलं नाही. म्हटलं, ‘‘हा देवाचाच आहे. सोमवारी सोडायचा आहे.’’ मास्तरांनी कपाळाला हात लावला. डॉक्टर हसले आणि पुढच्या घरी गेले.

सोमवारी मी पवळ्याला घेऊन रवळनाथाच्या देवळात गेले. गुरवाने देवाला फुलं लावली, गाऱ्हाणं घातलं, की ही बायमाणूस आपला पाडा तुझ्या पायाशी सोडते आहे, तो तू गोड मानून घे आणि गाईवासरांची वाढ कर. उजवीकडचं फूल लगेच पडलं. उजवा कौल. गाव खूश झाला. आमच्या गावात देवाचा पाडा किती तरी वर्षांत नव्हता. पवळ्याच्या गळ्यात घुंगूरमाळ आली, कपाळाला गुलाल आला. चिमट्याचं संकट गेलं म्हणून मी घरी येऊन तांबूच्या गळ्यात पडून रडले, आनंदाने. माझ्या अकलेची कमालच म्हणायची. चिमटा बाहेरून येतो एवढंच मला ठाऊक होतं.

पाडा देवाचा झाल्याबरोबर प्रश्न निघाला. देवाच्या पाड्याकडे पहिली गाय कुणाची जाणार?

आमच्या गावात दोन वाड्या, वरची आणि खालची. वरच्या वाडीचे मुख्य भिकाजी तात्या, म्हातारे, कानात बिगबाळी घालणारे. खालच्या वाडीचे सत्यवान, माझ्या नवऱ्याच्या वयाचे, म्हणून मला भावोजी. देवळाच्या सभामंडपात बैठक बसली. बायकांना आत जागा नाही, मी बाहेर दीपमाळेला टेकून उभी होते.

‘‘पालखीक पयलो खांदो वरच्या वाडीचो,’’ भिकाजी तात्या म्हणाले. ‘‘तसोच पाड्याचो पयलो मान वरच्या वाडीचो. ह्येच्यात इचारूचा काय?’’

‘‘पाडो चरतलो आमच्या जमनीत, पाणी पितलो आमच्या व्हाळाचा,’’ सत्यवान म्हणाले. ‘‘आनि मान तुमचो? असा कसा?’’

आता ऐका. भिकाजी तात्यांच्या गोठ्यात दोन म्हशी. गाय नाहीच. सत्यवानांकडे एक गाय होती, ती सरकारी वळूच्या जातीची, विकत आणलेली, मोठ्या अंगाची, पवळ्याच्या डोक्यावरून पलीकडे बघणारी. म्हणजे ज्या गाईंच्या मानावरून हे भांडत होते त्यांतली एक जन्मालाच आलेली नव्हती आणि दुसरीपर्यंत पवळ्या पोचला नसता. गावात त्याच्या जोगती, माजावर येणारी गाय म्हणावी तर माझी तांबू. मी दीपमाळेजवळून म्हटलं, ‘‘तात्यानू, माझी गाय सगळ्यात शेवटी जावंदे. माका मान नको. पण कोणाची तरी जावंदे.’’

भिकाजी तात्यांनी माझ्याकडे बघितलं, पोरीला समजावावं तसं. ‘‘तुझी गाय शेवटी जातली, ठीक. पण पयली ठरल्याशिवाय शेवटची खंयसून ठरतली?’’

सगळी बैठक मान डोलवायला लागली. खांबाच्या मागून माझा नवरासुद्धा. मी कोपरापासून हात जोडले आणि घरी आले.

पुढचं सांगताना अजून माझं डोकं तापतं. भांडण मिटेना म्हणून दोन्ही वाड्या कोर्टात गेल्या. देवगडच्या फेऱ्या सुरू झाल्या. वरच्या वाडीचा वकील, खालच्या वाडीचा वकील, बरोबर साक्षीदार, आणि सगळ्यांचं जेवण हॉटेलात. कोर्टाने सांगितलं की निकाल लागेपर्यंत जैसे थे. जैसे थे म्हणजे काय, तर पाडा कुठल्याही गाईकडे जाता कामा नये. देवळामागे निवडुंगाचं आणि दगडाचं कुंपण घालून पवळ्याला आत ठेवला. दोन्ही वाड्यांनी आपापला एकेक राखणदार बसवला, दुसऱ्याने चोरून गाय आणू नये म्हणून. डॉक्टरच्या चिमट्याने झालं नसतं इतकं पक्कं काम झालं. पवळ्याला रोज देवाचा नैवेद्य, भात, नारळाची शकलं, गूळ. तो फुगत गेला. सड्यावर चढणारं जनावर निवडुंगात उभं राहून लोकांचे नमस्कार घेत होतं. बायका त्याच्या शेपटीला हात लावून मुलं व्हावीत म्हणून नवस बोलायच्या. त्या बिचाऱ्याला स्वतःचं एक वासरू नव्हतं.

मी काय केलं नाही? तांबू माजावर आली की मी तिला घेऊन भर दुपारी देवळामागे जायची. वरच्या वाडीचा राखणदार मला म्हणायचा, ‘‘वयनी, माझी कायेक हरकत नाय. न्हेवा आत. पण तो बघता मां.’’ मग मी खालच्या वाडीच्या राखणदाराकडे जायची. तो म्हणायचा, ‘‘माझी खंय हरकत आसा? पण तो जावन सांगतलो.’’ दोघांना एकत्र उभं करून विचारलं तर दोघंही एकदम म्हणायचे, ‘‘नाय, नाय, कोर्टाचो हुकूम आसा.’’ कुंपणाच्या आतून पवळ्या ओरडायचा, बाहेरून तांबू ओरडायची, आणि हे दोघं विडी पेटवायचे. मी किती वेळा दगडावर बसून रडले असेन. पुढे पुढे रडूही येईनासं झालं. नुसती चीड यायची, जेवताना, पाणी भरताना, झोपेतसुद्धा.

एकदा तांबू दावं तोडून गेली आणि सरकारी वळूला भेटली. ते वासरू आम्ही तिघांनी ओढून काढलं. तांबू वाचली, वासरू नाही. त्यानंतर सरकारी वळूही पायाच्या दुखण्याने मेला. गावातले बाकीचे पाडे आधीच खच्ची झालेले. शेजारच्या गावांत विचारलं, तिकडेही तेच. लोकांनी म्हशी घेतल्या. कुणी बैलांची जोडी घाटावरून आणली, ती कुणग्यात वळेपर्यंत कुणगाच संपायचा. मग बाया कुदळीने कोपरे खणायच्या आणि पुरुष बांधावर उभे राहून घाटावरच्या बैलांची तारीफ करायचे.

मास्तर म्हणायचे, ‘‘भाकड गायीक कित्या पोसतंस? वीक तिका.’’ मी म्हणायची, ‘‘पयली माका वीका.’’ मग ते शाळेच्या वह्या काढून बसायचे. तेव्हा मला वाटायचं, माझा नवरा साधा माणूस आहे. कुणाला नाही म्हणता येत नाही, एवढाच काय तो दोष. भिकाजी तात्यांना हो म्हणतो, सत्यवानांना हो म्हणतो, आणि घरी येऊन मला ‘बघूया’ म्हणतो. अशा माणसावर किती रागावणार?

वर्षं गेली. तांबूच्या डोळ्यांच्या वर खड्डे पडले, माज लांबत लांबत येऊ लागला. कोर्टात तारखा पडतच होत्या. आणि मग बासष्ट साली भिकाजी तात्यांच्या नातीचं लग्न सत्यवानांच्या पुतण्याशी ठरलं. आता व्याह्यांनी एकमेकांवर दावा लावून ठेवायचा म्हणजे बरं दिसेना. दावा काढून घ्यायचा, पण मान कुणी सोडायचा? पुन्हा बैठक बसली. मी पुन्हा दीपमाळेजवळ. वाटलं, आता तरी काढतील पाड्याला बाहेर, कुणाचीही गाय पहिली जावो.

भिकाजी तात्या उठले आणि म्हणाले, ‘‘पाडो बडवन घेवया. डॉक्टराक बोलवन चिमटो लावया. मगे पयलीय नाय नि शेवटचीय नाय. कोणाचो मान कमी जाणा नाय.’’

मग सत्यवान म्हणाले, ‘‘तात्यांनी काय डोक्या चलवल्यानी.’’ सगळ्यांना ते एकदम पटलं. इतक्या वर्षांत हे कसं सुचलं नाही म्हणून लोक हळहळले. मी बाहेरून ओरडले, की अरे देवाचा पाडा आहे, माझा नाही, तुमचा नाही, देवाला तरी विचारा. म्हणून देवाला विचारलं. कौल डावा पडला. देवाला माझ्याइतकंच कळत होतं. मग गुरवाने प्रश्न जरा बदलून विचारला, की गावात शांतता व्हयी काय नको? उजवा कौल. शांतता कुठल्या देवाला नको असते?

घरी आल्यावर मी मास्तरांना म्हटलं, ‘‘तुमी मास्तर आसात. चार अक्षरां शिकलेले. डॉक्टर येतले त्या दिसा उभे ऱ्हवन एकदा तरी बोला.’’ ते म्हणाले, ‘‘बघूया.’’

डॉक्टर यायचे त्या दिवशी सकाळी मी गोठ्यात गेले तर तांबू दावं ताणून हंबरत होती. ती माजावर आली होती. मी तिथेच उभी राहिले. हा तिचा शेवटचा माज असेल नसेल, आणि पवळ्याची शेवटची सकाळ. दावा मागे घेतल्यामुळे राखणदार उठलेले. मी मास्तरांना शेणाच्या हातानेच गाठलं आणि सांगितलं, ‘‘तांबू माजावर इलीहा. चिमटो लावच्या आधी मी तिका थंय न्हेतंय. एकदाच. तुमी फकत डॉक्टरांका च्यापाण्यात गुतवन ठेवा.’’ त्यांनी मान हलवली. इतक्या वर्षांत मी त्यांच्याकडे बोलण्यापलीकडचं काहीतरी पहिल्यांदा मागितलं होतं.

आधी देवळाकडची वाट मोकळी आहे का ते बघायला गेले. नव्हती. सगळा गाव जमला होता, लग्नाला जमावा तसा. डॉक्टर ओट्यावर बसून चहा पीत होते, केस कानांजवळ पांढरे झालेले, आणि माझा नवरा त्यांच्या पुढ्यात बशी धरून उभा होता. मला बरं वाटलं. पण तरण्या मुलांना दम कुठला. ती दोर घेऊन कुंपणात शिरली. पवळ्याने एवढी माणसं अंगावर येताना कधी बघितली नव्हती. त्याने एकाला शिंगावर घेऊन बाजूला टाकला, निवडुंग तुडवला आणि सरळ सड्याची वाट धरली. एवढा फुगलेला, पण सड्यावर चढताना पाय चुकला नाही.

भिकाजी तात्या माझ्याकडे वळले. ‘‘सुभद्रे, हाक मार. तुझो आवाज तो वळाखता.’’

‘‘घसो बसलो हा,’’ मी म्हटलं आणि तिथून निघाले.

आधी सड्यावर गेले. पवळ्या वरच्या तळीजवळ उभा होता, मोकळा, नाक वर करून वारा घेत. कुंपण नाही, राखणदार नाही, कोर्ट नाही. तांबूला नुसती सोडून दिली असती तरी तिने वाट काढली असती. मी वयाचा विचार न करता धावत घरी आले. गोठा रिकामा होता. दावंसुद्धा जाग्यावर नव्हतं. मी हसले. खरंच हसले, एकटी, गोठ्यात उभी राहून. वाटलं, मास्तरांनीच सोडली. माझ्या सांगण्यापेक्षा एक पाऊल पुढे जाऊन. इतक्या वर्षांनी ह्या माणसाने काहीतरी केलं. मी तशीच पुन्हा सड्याकडे पळाले.

वर चढून बघते तर उघड्या कातळावर माझा नवरा तांबूला दाव्याने धरून उभा. आणि दोन्ही बाजूंच्या करवंदीच्या जाळ्यांमागे दोर घेऊन माणसं बसलेली, वरच्या वाडीची इकडे, खालच्या वाडीची तिकडे. तांबू हंबरत होती. पवळ्या तळीकडून उतरत होता, आधी हळू, मग दुडक्या चालीने. तो तिच्याजवळ आला, तिच्या मानेवर नाक टेकवलं. तेवढ्यात दोर पडले.

मी ओरडत गेले. भिकाजी तात्यांचे पाय धरले. मी कधी कुणाचे पाय धरलेले नाहीत. ‘‘तात्यानू, आता समोर आसत दोघा. एकदा होवंदे. मगे लावा चिमटो. माझा कायेक म्हणणा नाय. घडीभराचा काम.’’

‘‘गो, पण मगे पयलो मान तुझ्या गायीक गेलो मां,’’ तात्या म्हणाले.

‘‘ता चलाचा नाय,’’ सत्यवान म्हणाले. मानाच्या बाबतीत त्या दोघांचं एकमत झालेलं मी तेव्हा प्रथम बघितलं.

मी वळून नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली आणि तांबूला मागे ओढून नेलं. ती पाय रोवून उभी राहिली तेव्हा तिला फोकही मारला.

डॉक्टरांनी चिमटा लावला. पवळ्या एकदाच ओरडला. हात धुताना डॉक्टर माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, ‘‘बाई, असा पाडा आता कुठे बघायला मिळत नाही. इतकी गावं फिरतो मी. वाईट वाटतं.’’

‘‘मग चिमटा कशाला आणलात?’’

‘‘गावाने बोलावलं,’’ ते म्हणाले. खरंच बोलावलं होतं.

दुपारी मी चूल पेटवली नाही. मास्तर उशिरा आले, नवं धोतर नेसायला मिळालेल्या मुलासारखे. हातात शेंडीचा नारळ, त्याला कुंकू लावलेलं. तो त्यांनी पाटावर ठेवला आणि माझ्यासमोर बसले.

‘‘देवळात ठराव झालो,’’ ते म्हणाले. ‘‘येत्या जत्रेपासून पयलो नारळ वरच्या वाडीचो, दुसरो खालच्या वाडीचो आनि तिसरो आपलो. पिढीजात. बैठकेत जागाय दिली, खांबाच्या फुडे.’’

मला आधी कळेना. मी म्हटलं, ‘‘आमका कित्या दिली?’’

‘‘पाडो कोणाक धरूक गावा नाय. तेव्हा मी सांगलंय, माझी गाय आज माजावर आसा, ती घेवन जातंय. पण आधी माझो मान काय तो सांगा, मगे गाय हाडतंय.’’

‘‘तेंनी मागल्यानी? की तुमी?’’

‘‘मीच मागलंय,’’ तो म्हणाला. त्याच्या तोंडावर इतकं सुख मी लग्नाच्या दिवशीसुद्धा बघितलं नव्हतं.

माझा आवाज चढला नाही. तांबू माजावर आहे हे मीच सकाळी त्याच्या कानात सांगितलं होतं, गावात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी वरच्या वाडीला शिव्या दिल्या, खालच्या वाडीला शिव्या दिल्या, कोर्टाला, डॉक्टरला, लोंबत्या कानांच्या वळूला. आणि ह्या माणसाला नाही म्हणता येत नाही म्हणून त्याची कीव केली. त्याला मागता येत होतं. योग्य वेळ बघून, किंमत ठरवून मागता येत होतं. माझ्यासाठी एकदाही त्याने तोंड उघडलं नव्हतं.

गोठ्यातून तांबू हंबरत होती. तिचा माज अजून उतरला नव्हता.

‘‘तिका जरा बघ गो,’’ तो नारळावरचं कुंकू सरळ करत म्हणाला. ‘‘कधीपासून वरडता.’’